२०० निवर्तनं म्हणजे किती नॅनोमीटर?

गेल्या पावसाळ्यात भाचीला घेऊन नाशिकच्या पांडवलेण्यांवर गेलो होतो. सई नववीत आहे. पायऱ्या चढताना तिचं लक्ष निम्मं ढगांकडे आणि निम्मं फोनकडे होतं. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात मात्र ती थबकली, कारण मी भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे बोट दाखवून म्हणालो, "इथे एका राजाने जमीन दिल्याचा कागद आहे. म्हणजे दगड आहे."

हा लेख सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, हुकूम पाठवला: अपरकखडी गावातलं, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेलं शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना देत आहोत. किती? तर 'निवतनसतानि बे'. निवर्तनांची शतकं दोन, म्हणजे २०० निवर्तनं. निवर्तन हे जमीन मोजायचं जुनं माप.

"बे म्हणजे आपला 'बे एके बे' मधला बे?" सईने विचारलं. तोच. हजार-दोन हजार वर्षं हा शब्द पाढ्यात जिवंत राहिला आणि कुणाला त्याची खबरही नाही. मी खुशीत होतो. पण घरी आल्यावर तिने जो प्रश्न टाकला त्याने माझी संध्याकाळ गेली: "मामा, मग २०० निवर्तनं म्हणजे किती नॅनोमीटर?"

शाळेत त्यांना नुकतीच सूक्ष्म एककं शिकवली होती. फोनमधल्या अ‍ॅपमध्ये निवर्तन सापडलं नाही म्हणून तिने एकर घातला, तर नॅनोमीटरचा पर्यायच दिसेना. तिचं म्हणणं, अ‍ॅप बिघडलंय.

अ‍ॅप बिघडलेलं नव्हतं. ते का अडलं, इथूनच सुरुवात करतो.

सुतळी आणि सतरंजी

सुतळी किती हात आहे, असं दुकानदाराला विचारता येतं. सतरंजी किती हात, असं विचारलं तर तो उलट विचारेल, "लांबीला की रुंदीला?" नॅनोमीटर हे सुतळीचं माप आहे. फार बारीक, पण सुतळीचंच. एकर, गुंठा, बिघा, निवर्तन ही सतरंजीची मापं. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही, कितीही शून्यं जोडली तरी.

मग करता काय येतं? सतरंजीची एक बाजू नॅनोमीटरमध्ये सांगता येते. किंवा सतरंजीवर एक नॅनोमीटर बाय एक नॅनोमीटरचे किती तुकडे बसतील ते सांगता येतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं इतकी वेगळी येतात की एकाला दुसरं समजणारा माणूस हिशेबात कुठल्या कुठे जातो.

गुंठ्यावर हे चांगलं दिसतं, कारण आपल्याकडे गुंठा सगळ्यांना तोंडपाठ असतो: ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हा ३३ कुठून आला? इंग्रज मोजणीदारांची गंटर साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. एडमंड गंटरने ती १६२० मध्ये काढली. तिची निम्मी ३३ फूट. आपल्याकडच्या जुन्या मोजणीतली शंकू साखळी बरोबर एवढीच, आणि तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

आता फुटापासून नॅनोमीटरपर्यंत जायचं तर मध्ये मीटर लागतो. नाशिकरोडहून आडगावला निघालेल्याला नाशिकचा द्वारका चौक चुकत नाही, तसं कुठल्याही मापातून कुठल्याही मापात जाताना मीटर चुकत नाही. १ जुलै १९५९ पासून इंचाची किंमत आंतरराष्ट्रीय करारानेच ठरलेली आहे: नेमके २५.४ मिलिमीटर. म्हणून फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर. 'सुमारे' नाही, नेमका. तेव्हा गुंठ्याची बाजू १०.०५८४ मीटर, आणि क्षेत्र १०१.१७ चौरस मीटर.

शून्यांची शिडी

मीटरपासून खाली उतरताना दर टप्प्याला हजाराने भागायचं. मीटरचा हजारावा भाग मिलिमीटर, मिलिमीटरचा हजारावा मायक्रोमीटर, त्याचा हजारावा नॅनोमीटर. मायक्रोमीटरला बाजारात सगळे मायक्रॉनच म्हणतात.

मायक्रॉन हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकातला आहे असं शहरातल्या माणसाला वाटतं. दिंडोरी-निफाडकडे जाऊन बघा. शेततळ्याचा कागद ५०० मायक्रॉनचा, मल्चिंग पेपर २५ नाहीतर ३० मायक्रॉनचा, हे तिथे द्राक्षबागायतदार चहाच्या टपरीवर बोलत असतो. भाजीबाजारातली पिशवीसुद्धा आता १२० मायक्रॉनच्या कायद्यात अडकली आहे. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड. नजरेला दिसणाऱ्या वस्तूंची हद्द साधारण तिथेच संपते.

त्याखाली नॅनोमीटर. करोनाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, डीएनएच्या पिळाची जाडी २. नॅनोमीटरच्या दहाव्या भागाला अँगस्ट्रॉम म्हणतात, स्वीडनच्या आंदर्स अँगस्ट्रॉमच्या नावावरून. सूर्यप्रकाशातल्या रेषा मोजताना त्याने ते माप वापरलं आणि अणूंच्या आकाराला ते फार सोयीचं पडलं. आणखी खूप खाली, नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे फेम्टोमीटर. अणुगर्भातला प्रोटॉन पावणेदोन फेम्टोमीटरच्या आसपास रुंद. तिथे थांबू या.

आता गंमत. गुंठ्याची बाजू १०.०५८४ मीटर, म्हणजे १००५ कोटी ८४ लाख नॅनोमीटर. एवढे आकडे बोलायला आपल्याकडे जुनी नावं आहेत. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं, दहं, शतं करत अठरा स्थानं दिली आहेत: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं. म्हणजे गुंठ्याची बाजू जवळजवळ बरोबर एक खर्व नॅनोमीटर! अँगस्ट्रॉममध्ये एक निखर्व, फेम्टोमीटरमध्ये एक मध्य. अर्थात यात चमत्कार नाही. ३३ फूट हे १० मीटरच्या अगदी जवळ पडतात, एवढंच.

ही झाली सुतळी. सतरंजीचं काय? एका मीटरमध्ये एकावर नऊ शून्यं एवढे नॅनोमीटर. चौरस मीटरमध्ये नवाच्या दुप्पट, अठरा शून्यं. भास्कराचार्यांची यादी परार्धाला, सतरा शून्यांना संपते. म्हणजे एका चौरस मीटरमध्येच दहा परार्ध चौरस नॅनोमीटर झाले आणि यादी संपली. गुंठ्यात साधारण १०१२ परार्ध. बाजू एक खर्व आणि क्षेत्र हजार परार्ध. दोन्ही उत्तरं 'गुंठ्यात किती नॅनोमीटर' या एकाच ढिसाळ प्रश्नाची. अ‍ॅप अडलं ते शहाणपणानेच.

कौटिल्याची शिडी

निवर्तनाकडे येऊ. इथे माझ्यासारख्या भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हरखून जायला होतं, कारण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परमाणूपासून शेतापर्यंत एकच अखंड शिडी आहे. ८ परमाणूंचा एक रथचक्रविप्रुट्, म्हणजे रथाच्या चाकाने उडालेला धुळीचा कण. असे ८ कण म्हणजे लिक्षा, ८ लिक्षांची यूका, ८ यूकांचा यव, ८ यवांचं अंगुळ. लिक्षा म्हणजे आपली लीख आणि यूका म्हणजे ऊ. यव म्हणजे जवाचा दाणा, मधोमध मोजलेला.

वर चढताना: २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, १० दंडांचा रज्जू, म्हणजे दोरी. आणि ३ रज्जू म्हणजे निवर्तनाची बाजू.

गुणाकार करत गेलो की कळतं, अंगुळात ३२,७६८ परमाणू. निवर्तनाच्या बाजूत ३० दंड, म्हणजे २८८० अंगुळं, म्हणजे ९ कोटी ४३ लाख ७१ हजार ८४० परमाणू. हे उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत अचूक आहे. अंगुळ किती मिलिमीटरचं हे माहीत नसलं तरी अचूक आहे! कोणत्याही मापपद्धतीच्या पोटात सगळे हिशेब चोख असतात, कारण ते ठरवलेले असतात. रुपयाचे सोळा आणे होते ते मोजून नव्हे, मानून.

गडबड होते ती द्वारका चौकात, म्हणजे मीटरशी गाठ पडते तिथे.

कौटिल्याने अंगुळाची व्याख्या दिली आहे. मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी. सईने लगेच पट्टी आणली आणि माझं बोट मोजलं. "मामा, तुझं १८ मिलिमीटर." मी मध्यम बांध्याचा आहे की नाही यावर बहिणीने मत दिलं, ते इथे देत नाही. हिशेबाला सोपं म्हणून पुष्कळजण अंगुळ पाऊण इंच, १९.०५ मिलिमीटर धरतात. तसं धरलं की हात १८ इंचांचा आणि दंड बरोबर ६ फुटांचा होतो. मग निवर्तनाची बाजू १८० फूट, क्षेत्र ३२,४०० चौरस फूट, म्हणजे पावणेतीस गुंठे. माझ्या बोटाने मोजलं तर साडेसव्वीस गुंठे. बोटात फरक एका मिलिमीटरचा, शेतात फरक तीन गुंठ्यांहून जास्त.

आणि खाली, शिडीच्या तळाशी? पाऊण इंचाच्या अंगुळाला ३२,७६८ ने भागलं की परमाणू येतो ५८१ नॅनोमीटरचा.

हा आकडा पाहून माझीही क्षणभर बोलती बंद झाली होती. ५८१ नॅनोमीटर म्हणजे पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी. त्यातून १९६० ते १९८३ या काळात मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या तरंगलांबीवर होती: क्रिप्टॉन वायूच्या नारिंगी रेषेच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या म्हणजे एक मीटर. ती तरंगलांबी ६०६ नॅनोमीटरच्या जवळ. कौटिल्याच्या परमाणूपासून हाकेच्या अंतरावर. एवढा मालमसाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'प्राचीनांना प्रकाशाची तरंगलांबी ठाऊक होती' म्हणून फिरवायला पुरेसा आहे, आणि फिरलाही असेल.

म्हणून सईला तोच हिशेब तीन बोटांनी करायला लावला. माझं १८ मिलिमीटरचं बोट घेतलं तर परमाणू ५४९ नॅनोमीटर, रंग हिरवा. पाऊण इंची अंगुळ घेतलं तर पिवळा. १९.८५ मिलिमीटरचं जाड बोट घेतलं तर बरोबर ६०६, क्रिप्टॉनचा नारिंगी. ज्याचं जसं बोट तसा रंग. आठाने पाच वेळा भागल्यावर बोटाची रुंदी दृश्य प्रकाशाच्या पट्ट्यात येऊन पडते, हा योगायोग आहे, आणि योगायोग म्हणून छान आहे.

शिवाय ही खालची शिडी मोजलेली नाही, मांडलेली आहे, याचा पुरावा त्या शिडीतच आहे. यव येतो २.४ मिलिमीटर, जवाचा दाणा तेवढा असतोच, तिथवर ठीक. पण यूका येते ०.३ मिलिमीटर. खऱ्या उवेची नुसती रुंदीच एक मिलिमीटरच्या आसपास असते. लिक्षा येते ३७ मायक्रॉन, केसापेक्षाही बारीक; खरी लीख केसाला चिकटलेली डोळ्यांना दिसते, नाहीतर फणी घेऊन बसणाऱ्या आज्यांचं काही खरं नव्हतं. ज्याने ही शिडी लिहिली त्याने उवा मोजल्या नव्हत्या. दिसणाऱ्या गोष्टींच्या खाली न दिसणाऱ्या गोष्टींना ओळीने जागा करून दिली होती. मला यात कमीपणा वाटत नाही. दिसत नाही त्यालाही माप असलं पाहिजे, हा विचार उवेच्या अचूक रुंदीपेक्षा मोठा आहे. फक्त त्या परमाणूला आजचा अणू समजू नये. ५८१ नॅनोमीटरमध्ये पाच-सहा करोना विषाणू शेजारी शेजारी झोपतील, आणि अणू तर हजारोंनी मावतील.

नाव एक, शेतं तीन

बोटाच्या फरकापेक्षा मोठी गोम नावात आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) निवर्तन आहे, पण वेगळं. १० हातांचा वंश, म्हणजे वेळू, आणि २० वंशांची बाजू. म्हणजे २०० हात. कौटिल्याची बाजू १२० हातांची. हात तोच १८ इंची धरला तर भास्कराचार्यांचं निवर्तन ३०० फूट बाजूचं, साडेब्याऐंशी गुंठ्यांचं, दोन एकरांहून थोडं जास्त. कौटिल्याचं पाऊण एकराला किंचित कमी.

एवढ्यावर संपत नाही. कौटिल्याकडे दंडही एकच नाही. नेहमीचा ९६ अंगुळांचा. रस्ते आणि तटबंदीसाठी १०८ चा. आणि ब्रह्मदेय जमिनीसाठी, म्हणजे दान द्यायच्या जमिनीसाठी, १९२ अंगुळांचा. दुप्पट! दान मोजताना काठी लांब घ्यायची, हे मला फार आवडलं. लांबी दुप्पट म्हणजे क्षेत्र चौपट: त्या दंडाने निवर्तन काढलं तर जवळजवळ तीन एकर.

मग सातकर्णीची २०० निवर्तनं किती? कौटिल्याच्या नेहमीच्या दंडाने १४९ एकर, म्हणजे ६० हेक्टर. भास्कराचार्यांच्या वंशाने ४१३ एकर. दानाच्या दंडाने ५९५ एकर. लेण्यातल्या लेखात काठीची लांबी कोरलेली नाही. त्या काळी गोवर्धनात कुणाला ती विचारायची गरज नव्हती. तुम्ही आज सातबाऱ्यावर 'आर' लिहिताना शंभर चौरस मीटर असं कुठे लिहिता?

सईला उत्तर हवं होतं म्हणून तिच्या वहीत असं लिहिलं: कौटिल्याच्या निवर्तनाची बाजू साधारण साडेपाच खर्व नॅनोमीटर. '५,४८६ कोटी ४० लाख' असं लिहायला ती निघाली होती, मी हात धरला. पाऊण इंचाच्या अंगुळातून ते येतं खरं, पण ज्या अंगुळाचा पाच टक्क्यांचाही भरवसा नाही त्याच्या पोटी इतके आकडे शोभत नाहीत. तेही, शेताची बाजू. शेत नव्हे.

आणि त्या शेताचं पुढे काय झालं, तेही त्याच भिंतीवर आहे. चोविसाव्या वर्षीचा लेख सांगतो की कखडीचं ते शेत 'न कसते' आणि गाव 'न वसति'. शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं बदली दिली. 'कसणे' हे क्रियापद तेव्हापासून तसंच आहे. २०० च्या बदल्यात १००. पडीक जमिनीचा भाव तेव्हाही निम्मा असावा, असा माझा आपला तर्क.

पाच हात पाच मुठी

ज्यांना सातवाहन फार लांबचे वाटतात त्यांच्यासाठी पेशवाईतली काठी आहे. ५ हात ५ मुठी म्हणजे एक काठी. २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. बिघा म्हणजे २० काठ्या बाजूचा चौरस. १८ इंची हात आणि ३ इंची मूठ धरली तर काठी पावणेनऊ फुटांची आणि बिघा २८ गुंठ्यांचा. पण हात १९ इंची असेल तर? लांबीला साडेपाच टक्के वाढ, क्षेत्राला अकरा टक्के. क्षेत्रातली चूक लांबीतल्या चुकीच्या दुप्पट जाते. २८ चे ३१ गुंठे होतात ते एका इंचाने.

दुप्पट जाण्याचा हा नियम आजही लोकांच्या खिशाला भोक पाडतो. सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर, म्हणजे ४० आर लिहिलेलं असतं, आणि बोलताना सगळे त्याला एकर म्हणतात. गुंठा आणि आर एकच, असा समज. आराची बाजू १० मीटर, गुंठ्याची १०.०५८४. बाजूत अर्ध्या टक्क्याचा फरक, क्षेत्रात सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. एकराला ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०४ चौरस फूट कमी भरतात. दोन खोल्या! आमच्याच घरातल्या वाटणीत यावरून दोन वर्षं अबोला होता. एकाचा कागद एकरात, दुसऱ्याचा आरात, आणि बांध सरकवल्याचा आरोप तिसऱ्यावर.

चमचाभर तेल आणि २० गुंठे

इथवर मी नॅनोमीटर आणि जमीन यांना एकमेकांपासून दूर ठेवलं. रूपांतर होत नाही, हे खरं. पण गुणाकार होतो. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद एक गुंठा पसरायचा तर प्लास्टिक किती लागेल? जाडी गुणिले क्षेत्र: साडेपन्नास लिटर, वजनाला साधारण ४८ किलो. एक मिलिमीटर पाऊस गुंठ्यावर पडला म्हणजे १०१ लिटर पाणी. जाडी आणि जमीन यांचा गुणाकार म्हणजे घनफळ, आणि हे शेतकरी रोज करतो.

मग उलटं करा. घनफळ माहीत, जमीन माहीत, तर भागाकाराने जाडी मिळेल. आणि हे खरोखर घडलं आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यात, वाऱ्याने लाटा उठत असताना, चहाच्या चमच्याएवढं तेल ओतलं. तेल पसरत पसरत गेलं आणि अर्धा एकरभर पाणी आरशासारखं शांत झालं. हे त्याने १७७४ मध्ये छापलं. पुढे म्हणे तो वेळूच्या काठीच्या वरच्या पेरात तेल भरून हिंडायचा, तळं दिसलं की प्रयोग करायला. वेळूने जमीन मोजणारे आपल्याकडे, वेळूत तेल भरणारा तिकडे.

अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, २०२३ चौरस मीटर. चमचा ५ मिलिलिटरचा धरू. भागाकार केला की तेलाच्या थराची जाडी येते अडीच नॅनोमीटर. फ्रँकलिनने हा भागाकार केला नाही. तो केला असता तर तेलाच्या एका रेणूची लांबी त्याच्या हातात आली असती, कारण तेल याहून पातळ पसरूच शकत नाही. थर एका रेणूचा झाला की संपलं. ते काम १८९० मध्ये लॉर्ड रॅलेने टबातल्या पाण्यावर कापूर नाचवून केलं. स्वच्छ पाण्यावर कापराचे तुकडे गरगर फिरतात, तेलाचा थर पुरेसा झाला की थांबतात. त्यावरून त्याने जाडी काढली, दीड-दोन नॅनोमीटरच्या घरातली. त्याच सुमारास जर्मनीत अ‍ॅग्नेस पॉकेल्स ही बाई घरच्या स्वयंपाकघरात याच विषयावर प्रयोग करत होती. तिने रॅलेला पत्र लिहिलं आणि त्याने ते १८९१ मध्ये नेचरमध्ये छापून आणलं.

"आपण करू या?" सई म्हणाली.

स्वयंपाकघरातली मोठी परात घेतली, पाणी भरलं, पाणी स्थिर झाल्यावर वरून चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरवली. बारीक तारेच्या टोकाला शेंगदाणा तेलाचा थेंब घेतला. भिंगातून पट्टीवर धरून पाहिलं: अर्धा मिलिमीटर. तार पाण्याला टेकवली आणि पावडर सरकन बाजूला झाली, मधे स्वच्छ गोल. गोल कसला, वाकडातिकडाच. विताला थोडा कमी. पट्टीने २० सेंटिमीटर धरला.

थेंबाचं घनफळ ०.०६५ घन मिलिमीटर, गोलाचं क्षेत्र ३१,४०० चौरस मिलिमीटर. सईने फोन बाजूला ठेवून वहीत भागाकार केला, शून्यं दोनदा मोजली, आणि उत्तर काढलं: दोन नॅनोमीटर. मग ती म्हणाली की आता परातीऐवजी शेततळ्यावर करू, मामाच्या मित्राच्या, तिथे गुंठ्यात मोजता येईल.

बहीण आतून ओरडली, "आधी ती परात घासून दे, मला कणीक मळायची आहे."